आपली प्रतिकारशक्ती आणि शेजाऱ्याचा हिवताप



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला बोलावले तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी हिवतापावर बोलतो म्हटल्यावर ते क्षणभर गप्प बसले. तुमच्यापैकीही पुष्कळांना वाटले असेल की हा विषय डॉक्टरांचा, त्यात कामगार संघटनेच्या माणसाने का शिरावे? माझे शाळेतले शिक्षण तर आठवीपर्यंतचे. पण गेली तीस वर्षे मी बांधकाम मजुरांत काम करतो आहे, आणि हिवतापाने आमच्या सभासदांची मजुरी बुडवली नाही असा पावसाळा मला आठवत नाही. जो रोग मजुरी बुडवतो तो संघटनेच्या कामाचा विषय होतो. म्हणून मी वाचू लागलो. शब्दकोश शेजारी ठेवून वाचले, अडले तेथे डॉक्टर मित्रांना विचारले. त्या वाचनातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे मांडतो.

हिवतापाचा सगळा पसारा मी मांडणार नाही. माझा प्रश्न एकच आहे. डास चावला की माणसाला हिवताप होतो हे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. पण त्या डासाला हिवताप कोण देतो? डास काही जंतू पोटात घेऊन जन्माला येत नाही. तो अंड्यातून, पाण्यातून निर्मळ बाहेर येतो. त्याला जंतू मिळतो तो माणसाकडून. आता सगळीच माणसे डासाला सारखाच जंतू देतात का? आपल्या अंगातली प्रतिकारशक्ती त्या देण्यात काही फरक करते का? करते, आणि फार मोठा करते. तो कसा, आणि त्याचा तुमच्या-माझ्या वागण्याशी काय संबंध, हा आजचा विषय.

दहा आण्यांचा प्रयोग

सुरुवात आपल्या शेजारच्याच मुलखात झाली. ऑगस्ट १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस नावाचा लष्करी डॉक्टर सिकंदराबादला होता. त्याने हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला डास चावू दिले. मजुरी ठरली दर डासामागे एक आणा. दहा डास चावले, दहा आणे झाले. २० ऑगस्टला त्यांतल्या एका डासाचे पोट उघडून पाहताना जठराच्या भिंतीत रॉसला हिवतापाचा जंतू वाढताना दिसला. या शोधाबद्दल त्याला १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानाचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

मी मजूर चळवळीतला माणूस असल्यामुळे त्या दहा आण्यांचा उल्लेख मला केलाच पाहिजे. पण एक दुसरी गोष्टही ध्यानात घ्या. हा प्रयोग डासाने माणसाला रोग देण्याचा नव्हता. माणसाने डासाला रोग दिला, तो क्षण रॉसने पकडला. आपण मात्र त्यानंतर सगळे लक्ष डासाच्या सोंडेवर ठेवले, आणि देणाऱ्या माणसाकडे बराच काळ पाहिलेच नाही.

डासाच्या पोटात काय होते

हिवतापाच्या जंतूला शास्त्रज्ञ परजीवी म्हणतात. मी आपला जंतूच म्हणेन. हा जंतू माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत शिरतो, तेथे वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो आणि नव्या पेशींत शिरतो. पेशी फुटण्याची वेळ आली की हुडहुडी भरते, मग ताप चढतो, मग घाम फुटून उतरतो. आपल्याला आजारी पाडणारा जंतू तो हाच.

पण यातले थोडे जंतू वेगळ्या वाटेने जातात. ते फुटत नाहीत, वाढत नाहीत. त्यांचे नर आणि मादी असे दोन प्रकार होतात आणि ते पेशीच्या आत दबा धरून बसतात. शास्त्रीय भाषेत त्यांना युग्मकजनक म्हणतात. त्यांच्यामुळे ताप येत नाही, अंग दुखत नाही. डासाच्या पोटात जाणे एवढेच त्यांचे काम. जीवघेण्या फॅल्सिपॅरम हिवतापात हे नर-मादी तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात, आणि तोवर ते हाडांतल्या मगजात लपून राहतात. आपल्याकडच्या दुसऱ्या, एकाआड दिवस येणाऱ्या व्हायव्हॅक्स हिवतापात ते फार लवकर तयार होतात. रोगी दवाखान्याची पायरी चढण्याआधीच त्याच्याकडून डासाला जंतू मिळालेला असू शकतो.

डासाची मादी रक्त पिते तेव्हा हे नर-मादी तिच्या पोटात जातात. तेथे गारवा लागतो, आणि डासाच्या शरीरातल्या एका द्रव्याची सूचना मिळते. मग वीस मिनिटांच्या आत नाटक पुरे होते. जंतू तांबड्या पेशीचे कवच टाकून बाहेर येतात. एका नरापासून आठ शेपटीवाले बीजकण सुटतात आणि मादीला शोधत पळतात. संयोग झाला की सुमारे एका दिवसात त्यातून हालचाल करणारा जीव तयार होतो आणि तो जठराची भिंत भेदून तेथे गाठ करून बसतो. दहा ते चौदा दिवसांत एका गाठीतून हजारो जंतू सुटतात आणि डासाच्या लाळेत जाऊन थांबतात. आता तो डास धोक्याचा झाला.

यातला कळीचा मुद्दा सांगतो. माणसाच्या अंगात असेपर्यंत नर-मादी जंतू तांबड्या पेशीच्या आत असतात, कुलूप लावलेल्या खोलीत बसावे तसे. आपल्या रक्तात प्रतिपिंडे असतात. एखाद्या जंतूला ओळखून त्याला चिकटणारी ही द्रव्ये. पण बंद खोलीतल्या जंतूपर्यंत ती पोहोचत नाहीत. डासाच्या पोटात मात्र जंतूला खोली सोडून उघड्यावर यावेच लागते. आणि डास नुसता जंतू पीत नाही, तो आपले सगळे रक्त पितो. त्या घोटाबरोबर आपली प्रतिपिंडे जातात, प्रतिपिंडांना साह्य करणारी पूरक द्रव्येही जातात. म्हणजे माणसाच्या अंगात ज्याला हात लावता आला नाही, त्या जंतूला माणसाचीच प्रतिकारशक्ती डासाच्या पोटात गाठते. नर मादीपर्यंत पोहोचत नाही, किंवा दोघेही फुटून मरतात.

ही प्रतिपिंडे तयार कशी होतात? डासाच्या पोटात न गेलेले असंख्य नर-मादी जंतू आपल्या अंगातच मरून फुटतात. त्यांचे तुकडे रक्तात पसरतात, आणि आपले शरीर ते ओळखायला शिकते. बऱ्याच वेळा मार खाल्लेल्या गावात ही ओळख अधिक पक्की असते.

कोंबड्यांपासून श्रीलंकेपर्यंत

हे कोणाच्या कल्पनेतून आलेले नाही. १९५८ साली अमेरिकेत क्ले हफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टर्की पक्ष्यांना नर-मादी जंतू टोचून पाहिले, तेव्हा त्या पक्ष्यांकडून डासांना होणारी लागण कमी झाली. नंतर अठरा वर्षे या वाटेकडे फारसे कोणी वळले नाही. १९७६ साली रिचर्ड कार्टर आणि डेव्हिड चेन यांनी, आणि वेगळेपणाने रॉबर्ट ग्वाड्झ यांनी, कोंबड्यांवर हाच विचार पुढे नेला. निष्कर्ष विलक्षण होता. टोचलेल्या कोंबड्यांचा स्वतःचा आजार काही हटला नाही, पण त्यांचे रक्त प्यालेल्या डासांत जंतू जवळजवळ वाढेनात. लस कोंबडीला दिली, बचाव दुसऱ्या कोंबडीचा झाला.

माणसात हे कसे चालते, याचा उत्तम अभ्यास श्रीलंकेत झाला. कोलंबोच्या डॉक्टर कमिनी मेंडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात व्हायव्हॅक्सच्या रोग्यांचे रक्त घेऊन प्रयोग केले. प्रयोगाची रीत साधी आणि न्यायाची आहे. रोग्याच्या रक्ताचे दोन वाटे करायचे. तांबड्या पेशी, म्हणजे जंतू, दोन्हीत तेच. एका वाट्यात रोग्याचा स्वतःचा रक्तद्रव ठेवायचा. दुसऱ्यात तो काढून, जन्मात कधी हिवताप न झालेल्या माणसाचा रक्तद्रव घालायचा. मग दोन्ही वाटे काचेच्या भांड्यांत, पातळ पडद्याआड, अंगाइतके उबदार ठेवून डासांना पाजायचे. आठवड्याभराने डासांची पोटे उघडून गाठी मोजायच्या. जंतू तेच, डास त्याच जातीचे. फरक पडला तर तो रक्तद्रवामुळे, म्हणजे माणसाच्या प्रतिकारशक्तीमुळेच.

फरक पडला. पुष्कळ रोग्यांच्या रक्तद्रवाने डासांतली लागण दाबली. लागोपाठ काही महिन्यांत पुन्हा हिवताप झाला तर ही शक्ती वाढे. मध्ये फार काळ गेला तर शरीर धडा विसरे आणि पहिल्यापासून सुरुवात होई. दुसरी गोष्ट अशी दिसली की प्रतिपिंडे भरपूर असली तर लागण अडते, पण ती अगदी थोडी असली तर कधीकधी लागण उलट वाढते. अर्धवट प्रतिकारशक्ती जंतूच्याच पथ्यावर पडली. अर्धवट संपाने मालकाचे फावते, हे आम्हाला चळवळीत अनुभवाने कळले होते. तसले काही रक्तातही घडते, हे वाचून मी थक्क झालो.

तिसरी गोष्ट तापाची. श्रीलंकेतल्याच शास्त्रज्ञांनी पुढे दाखवले की हुडहुडी भरून ताप चढतो त्या तासांत रोग्याच्या रक्तात काही जहाल द्रव्ये सुटतात, आणि ती नर-मादी जंतूंना निकामी करतात. त्या घटकेला चावलेल्या डासाला फारसे काही मिळत नाही. म्हणजे गोधडीखाली कुडकुडणारा माणूस, ज्याच्याकडे बोट दाखवून आपण याच्यामुळे रोग पसरतो म्हणतो, तो त्या तासांपुरता डासाच्या दृष्टीने तोट्याचा गिऱ्हाईक असतो.

दोन वेगळे हिशेब

येथे मला तुमचे सगळे लक्ष हवे आहे. आपण ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द एका अर्थाने वापरतो, पण तिचे हिशेब दोन आहेत. पहिला हिशेब ज्याचा त्याचा. वारंवार हिवताप झालेल्या माणसाला पुढे ताप कमी येतो, तो मरत नाही, कामाला जातो. रॉबर्ट कॉख यांनी जावा आणि न्यू गिनीत १९०० च्या आगेमागे हेच पाहिले. लहान मुलांच्या रक्तात जंतू भरपूर, मोठ्या माणसांच्या रक्तात क्वचित. दुसरा हिशेब शेजाऱ्याचा. माझ्या रक्तातून डासाला जंतू जातो की नाही?

हे दोन हिशेब एक नाहीत. पहिल्या शक्तीने ताप दबतो, जंतू मात्र पुरता जात नाही. माणूस हिंडतोफिरतो, गोळी घेत नाही, कारण त्याला काही होतच नाही. त्याच्या रक्तात थोडे जंतू महिनोन्महिने राहतात आणि त्यांतून नर-मादी निपजत राहतात. पूर्व युगांडातल्या नागोंगेरा भागात गावकऱ्यांच्या रक्तावर डास पोसून केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. लागण झालेले बहुतेक डास ताप नसलेल्या, धडधाकट दिसणाऱ्या लोकांकडून झाले होते. त्यांतही शाळकरी वयाच्या मूठभर मुलांचा वाटा फार मोठा होता. फार लहान मूल आजारी पडते, त्याला आई दवाखान्यात नेते. थोराची शक्ती पक्की झालेली असते. मधल्या वयाचे पोर खेळत असते, आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते.

तेव्हा प्रतिकारशक्ती हिवतापाचा प्रसार थांबवते की वाढवते, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर नाही. ताप दाबणारी शक्ती प्रसाराला आडोसा देते. डासाच्या पोटात काम करणारी शक्ती प्रसार रोखते. एकाच माणसाच्या अंगात दोन्ही असतात, आणि कोणती भारी ठरेल हे तो किती वेळा आजारी पडला, किती दिवसांच्या अंतराने पडला, कोणते वय, कोणते गाव, यावर अवलंबून असते.

दोष कोणाच्या माथी

आता हे ज्ञान वापरले कसे गेले ते पाहा. १९०० साली इंग्रजांच्या रॉयल सोसायटीचे दोन शास्त्रज्ञ, स्टीफन्स आणि ख्रिस्तोफर्स, पश्चिम आफ्रिकेत गेले. तेथल्या धडधाकट मुलांच्या रक्तात त्यांना जंतू सापडले. निरीक्षण अगदी खरे होते. पण निष्कर्ष काय काढला? गोऱ्यांनी आफ्रिकी वस्तीपासून दूर राहावे. १९०४ साली सिएरा लिओनच्या फ्रीटाउनमध्ये टेकडीवर गोऱ्यांची वेगळी वसाहत झाली, तेथवर जायला रेल्वेही घातली. खाली राहिलेल्या मुलांच्या हिवतापाचे काय, हा प्रश्न खालीच राहिला.

याच ख्रिस्तोफर्स साहेबांनी नंतर हिंदुस्थानात काम केले, आणि येथे त्यांच्या नजरेला दुसरे काही दिसले, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्यांनी आणि बेंटली यांनी उत्तर बंगालच्या दुआर भागातल्या चहामळ्यांची पाहणी केली, आणि १९०९ साली मुंबईला भरलेल्या वैद्यकीय परिषदेत हिवतापातल्या मानवी घटकावर निबंध वाचला. त्यांचे म्हणणे असे की ठिकठिकाणांहून मजूर आणून एका जागी कोंबले, त्यांना अपुरे अन्न दिले, जुने मजूर गेले की शक्ती नसलेले नवे आणले, म्हणजे रोगाला सतत नवे सरपण मिळते आणि तो भडकत राहतो. डास तेच असतात. माणसांची मांडणी बदलली की रोगाचे रूप बदलते. पंजाबातल्या १९०८ च्या भयंकर साथीचा अभ्यास करतानाही ख्रिस्तोफर्स यांनी पावसाच्या जोडीला धान्याच्या महागाईकडे बोट दाखवले.

श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनात, १९३४-३५ साली हेच मोठ्या प्रमाणावर घडले. एरवी नद्या भरून वाहत, म्हणून ओल्या भागात डासांची पैदास कमी आणि लोकांची प्रतिकारशक्तीही कमी. दुष्काळात नद्या आटून पात्रात डबकी झाली, डास माजले, आणि शक्ती नसलेल्या, अर्धपोटी जनतेत सुमारे ८० हजार माणसे मेली. त्या साथीत गावोगाव औषध आणि डाळ वाटत फिरलेल्या तरुणांत एन. एम. परेरा होते. लोक त्यांना डाळवाले साहेब म्हणू लागले. पुढे ते तेथल्या कामगार चळवळीचे मोठे पुढारी झाले. कामगार चळवळ आणि हिवताप यांचे नाते मी आज नव्याने जोडतो आहे असे कोणी समजू नये.

त्याच देशात फवारणीने १९६३ साली रोगी अवघे १७ उरले. मग हात सैल पडला, आणि १९६९ साली आकडा ५ लाखांवर गेला. आपल्याकडेही १९६५ च्या सुमारास रोगी १ लाखापर्यंत खाली आले होते, १९७६ साली ते ६४ लाखांवर गेले. कारणे अनेक होती. पण रोग ओसरला की लोकांच्या अंगातली शक्तीही ओसरते, आणि परत आलेल्या रोगाला रान मोकळे मिळते, हे विसरता येत नाही. श्रीलंकेने हे ध्यानात ठेवून पुन्हा कंबर कसली, आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्या देशाला हिवतापमुक्त म्हणून मान्यता दिली.

बांधकामावरचा मजूर

आता माझ्या घरचा प्रश्न. आमच्या बांधकामांवर ओडिशा, झारखंड, छत्तीसगड आणि आपल्या गडचिरोलीकडचे मजूर येतात. जंगलपट्टीत लहानपणापासून हिवताप सोसलेला माणूस. त्याला ताप येत नाही, पण अंगात जंतू असू शकतो. तो जेथे येतो तेथे स्लॅबवर पाणी साठवलेले, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी, उघड्या टाक्या, पिंपे. शहरातला स्टिफेन्सी जातीचा डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो. बेंटली यांनी १९११ साली मुंबईच्या हिवतापाचा अहवाल लिहिला, त्यात विहिरी आणि टाक्या हेच मूळ दाखवले होते. शेजारच्या सोसायटीतल्या माणसाला प्रतिकारशक्ती नसते. तो आजारी पडतो आणि म्हणतो, या बाहेरच्या मजुरांनी रोग आणला.

मी त्या शेजाऱ्यावर रागावत नाही, त्याचे मूल तापाने फणफणलेले असते. पण हिशेब पुरा मांडू या. मजुराच्या अंगातला जंतू एकटा कोठे जाऊ शकत नाही. त्याला डास लागतो, डासाला पाणी लागते, आणि ते पाणी मजुराने साठवलेले नसते. मुंबईच्या महापालिका कायद्यात डासांची पैदास झाली तर जागेच्या धन्याला जबाबदार धरण्याची तरतूद आहे, ती उगाच नाही.

एका ठिकाणी काय झाले ते सांगतो. एका मोठ्या कामावर आरोग्य खात्याच्या माणसांनी सगळ्यांचे रक्त तपासले. सात जणांत जंतू निघाला. सातही जण हिंडतेफिरते होते. ठेकेदाराने त्यांना त्याच संध्याकाळी हिशेब करून काढून टाकले. पुढच्या महिन्यात तपासणीवाले आले तेव्हा दोनशेंपैकी तीस माणसेही रक्त द्यायला पुढे आली नाहीत. सात माणसांची रोजी गेली, आणि तिच्याबरोबर सगळ्या वस्तीचा बचाव गेला. ज्याला ताप नाही त्याला शोधून काढायचे तर त्याने आपण होऊन बोट पुढे केले पाहिजे. बोट पुढे केल्याबद्दल भाकरी जात असेल, तर कोण करील?

याच्या उलट उदाहरण ओडिशाचे. तेथे २०१७ पासून दुर्गम पाड्यांत शिबिरे घेऊन ताप असो वा नसो, सरसकट सगळ्या गावाचे रक्त तपासू लागले, औषध तेथल्या तेथे दिले, मच्छरदाण्या वाटल्या. २०१६ साली त्या राज्यात ४ लाखांवर रोगी होते. २०१९ साली ते ४० हजारांच्या आसपास आले. लपलेला जंतू असा सापडतो. माणसाला हाकलून तो सापडत नाही.

शेजाऱ्यासाठी घेतलेली गोळी

शेवटी औषधाबद्दल आणि लशीबद्दल थोडे. फॅल्सिपॅरमच्या रोग्याला मुख्य औषधाबरोबर प्रायमाक्विनचा एक डोस देतात. पुष्कळ जण ती गोळी खिशातच ठेवतात, कारण ताप उतरलेला असतो. त्यांचा तर्क चुकत नाही. त्या गोळीने त्यांच्या तापाला काहीच होणार नसते. ती मारते नर-मादी जंतूंना. म्हणजे ती गोळी आपल्यासाठी नसतेच, शेजाऱ्यासाठी असते. ती डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्यावी. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ती देत नाहीत, आणि काही लोकांच्या रक्ताला ती सोसत नाही. व्हायव्हॅक्समध्ये तेच औषध चौदा दिवस घ्यायचे असते, ते यकृतात लपलेल्या जंतूसाठी. तेथेही ताप गेल्यावर गोळ्या सोडू नयेत.

लशीचेही तसेच. आज मुलांना देण्यासाठी मान्य झालेल्या दोन लशी आहेत. २०२३ साली शिफारस झालेली दुसरी लस ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांची, आणि ती बनते आपल्या पुण्यात. या लशी घेणाऱ्याचा बचाव करतात, आणि त्यांची गरज फार मोठी आहे. २०२३ या एका वर्षात जगात हिवतापाने सुमारे ६ लाख माणसे गेली, बहुतेक आफ्रिकेतली लहान मुले. पण मी सांगितलेल्या कोंबड्यांच्या वाटेवरची लस वेगळी आहे. ती नर-मादी जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि ती प्रतिपिंडे डासाच्या पोटात जाऊन काम करतात. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात अशा लशीच्या चाचण्या झाल्या आहेत. ती सर्वांना मिळायला अवकाश आहे.

ती आली तर एक प्रश्न उभा राहील. टोचून घेणाऱ्याचा हात दुखेल, आणि तिचा सरळ फायदा त्याला होणार नाही. गावातल्या पुरेशा लोकांनी घेतली तरच डास कोरडे राहतील आणि सगळ्यांचा, पर्यायाने त्याचाही, बचाव होईल. एकट्याने घेतली तर व्यर्थ. लोक घेतील का? शास्त्रज्ञांना या प्रश्नाची काळजी वाटते असे मी वाचले. मला तितकी वाटत नाही. महिन्याची वर्गणी भरणारा आमचा सभासद नेमके हेच करत आला आहे. ज्या दिवशी वर्गणी भरतो त्या दिवशी त्याच्या हाती काही पडत नाही. दुसऱ्या कामावरच्या, कधी न पाहिलेल्या माणसाला कामावर परत घेतले जाते, तेव्हा त्याची वर्गणी फळते. आणि एक दिवस पाळी त्याची असते. एक अट मात्र असते. वर्गणी सगळ्यांकडून घ्यायची, आणि अडचणीच्या दिवशी कोणाला वाऱ्यावर सोडायचे नाही.

म्हणून तुमच्या शहराकडे माझी मागणी तीन गोष्टींची आहे. तुमच्या आळीतले बांधकाम असो की तुमची स्वतःची गच्ची, साठलेले पाणी आठवड्याला एकदा काढून टाका. कामावर येणाऱ्या मजुराची तपासणी होऊ द्या, पण त्या दिवसाची मजुरी कापू नका आणि जंतू निघाला म्हणून त्याला काढू नका. त्याला औषध द्या, मच्छरदाणी द्या आणि कामावर ठेवा. आणि ताप गेल्यावर उरलेली गोळी, जी तुम्हाला अनावश्यक वाटते, ती वेळेवर घ्या.

आपले रक्त आपल्या अंगातच राहते असे आपण समजतो. संध्याकाळी एक डास येतो, थेंबभर घेतो आणि भिंत ओलांडून पलीकडे जातो. त्या थेंबात आपला जंतू असतो आणि आपली शक्तीही असते. त्यांतले काय पलीकडे पोहोचायचे, हे पुष्कळसे आपल्या हाती आहे.